स्वायत्त महाविद्यालयाच्या परीक्षा विभागासाठी संगणकप्रणाली घेण्यापूर्वी काय ठरवावे?

होटगी रोड (प्रश्न)

नमस्कार.

मी सोलापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक आहे. आमच्या महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली असून येत्या शैक्षणिक वर्षापासून परीक्षेचे जवळजवळ सर्व काम विद्यापीठाकडून आमच्याकडे येत आहे. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठच देणार आहे. परंतु परीक्षा अर्ज, आसन क्रमांक, हॉल तिकीट, उत्तरपत्रिकांचे मास्किंग (परीक्षकाला विद्यार्थी ओळखू येऊ नये म्हणून आसन क्रमांक झाकणे), गुणनोंद, लेजर (सर्व विद्यार्थ्यांच्या गुणांची नोंदवही), निकाल, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या सगळ्यांची जबाबदारी आता आमच्या परीक्षा नियंत्रकांवर आणि पर्यायाने माझ्या कार्यालयावर आली आहे. विद्यापीठात या कामांसाठी स्वतंत्र विभाग आणि कार्यासने असतात. आमच्याकडे दोन कायम लिपिक आहेत आणि बाकीची मंडळी कंत्राटी आहेत.

सध्या प्रवेशाचा प्रोग्रॅम एका पुरवठादाराचा, फीचा दुसऱ्याचा आणि ग्रंथालयाचा तिसऱ्याचाच आहे. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याला आमच्याकडे तीन क्रमांक आहेत आणि ते एकमेकांशी जुळवायचे झाले तर लिपिकाला नाव वाचूनच जुळवावे लागतात. सोलापुरात नावावरून जुळवणे किती कठीण आहे हे येथील वाचकांना सांगायला नको. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या मुलींची आडनावे तेलुगू, अक्कलकोटकडच्यांची कन्नड वळणाची, आणि प्रत्येक नोंद वेगवेगळ्या हातांनी केलेली. ‘येमूल’ हे आडनाव प्रवेशाच्या यादीत ‘येमुल’ होते, फीच्या पावतीवर ‘यमूल’ होते, आणि इंग्रजी स्पेलिंग कधी वायपासून तर कधी ईपासून सुरू होते. शिष्यवृत्तीच्या अर्जावरचे नाव आधारवरील नावाशी जुळले नाही की ती विद्यार्थिनी माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहते, आणि तिच्या हातातल्या प्रत्येक कागदावर आमच्याच कार्यालयाचा शिक्का असतो.

खरेदी समितीसमोर काही कंपन्यांनी आपापल्या प्रणालींची प्रात्यक्षिके दाखवली. पडद्यावरच्या नमुना विद्यार्थ्याने ठरलेले विषय घेतले, तो सर्व विषयांत उत्तीर्ण झाला आणि त्याचे गुणपत्रक एका मिनिटात छापून निघाले. मी असे विचारले की, पहिल्या सत्रात खुल्या ऐच्छिक विषयात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाचा तो विषय पुढल्या वर्षी महाविद्यालयाने बंद केला, तर प्रणाली त्याला कोणत्या परीक्षेला बसवील? त्यावर ‘ते नंतर कस्टमायझेशनमध्ये करून देऊ’ एवढेच उत्तर मिळाले. समितीतील बहुतेक सदस्य सर्व कामे एकत्र असलेली एकच मोठी प्रणाली घेण्याच्या बाजूने आहेत.

माझे विचारणे असे आहे की, निविदा काढण्याआधी आपल्या घरात नेमके काय ठरवून ठेवले पाहिजे? विद्यार्थ्यांची आणि गुणांची माहिती कोणाच्या ताब्यात असावी? आणि भारतातील किंवा आपल्यासारख्या इतर विकसनशील देशांतील विद्यापीठांनी हे काम केले, तेव्हा ते कोठे अडले? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना लेजर

अधीक्षक मॅडम, नमस्कार. मी महाराष्ट्रातील एका अकृषी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून सहायक कुलसचिव म्हणून निवृत्त झालो. खुल्या ऐच्छिक विषयाचा आपण विचारलेला प्रश्न हाच या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कंपनीने द्यायचे नसून आपल्या विद्यापरिषदेने द्यायचे आहे.

संगणक निकाल लावत नाही, नियम निकाल लावतात. एटीकेटी किती विषयांपर्यंत, ग्रेस गुण कोणत्या क्रमाने द्यायचे, अंतर्गत मूल्यमापनात उत्तीर्ण पण लेखी परीक्षेत अनुत्तीर्ण असलेल्याचे अंतर्गत गुण पुढे न्यायचे की नाही, गैरहजर आणि शून्य यांत फरक कसा दाखवायचा, बंद झालेल्या विषयाला समकक्ष विषय कोणता धरायचा, हे सारे जुन्या पद्धतीत अनुभवी लिपिकाच्या डोक्यात असायचे. तो लेजर तपासताना पेन्सिलीने खूण करायचा आणि अधिकारी त्यावर सही करायचे. प्रणाली आली की हे डोक्यातले नियम कोणाला तरी लिहून द्यावे लागतात. आपण लिहून दिले नाहीत, तर कंपनीतला प्रोग्रॅमर त्याला सुचेल तसा नियम लिहितो, आणि तोच नकळत आपल्या महाविद्यालयाचा परीक्षा नियम होऊन बसतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हे काम कितीतरी पटींनी वाढले आहे. आपल्या राज्यात एका सत्राला २२ श्रेयांक (क्रेडिट) धरले तर तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १७६ होतात. त्यात मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, व्यावसायिक कौशल्य, क्षमतावृद्धी, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कार्यप्रशिक्षण असे गट आहेत. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांक आणि आणखी ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, आणि बाहेर पडलेला विद्यार्थी परतही येऊ शकतो. पूर्वी बी. ए. भाग एकच्या दोनशे मुलांचे विषय चार-पाच ठरावीक गटांत बसत. आता दोनशे मुलांचे दोनशे वेगळे मेळ होऊ शकतात. म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की, निविदेच्या आधी परीक्षा नियंत्रक, दोन अनुभवी प्राध्यापक आणि आपण स्वतः बसून अडचणीच्या विद्यार्थ्यांची एक वही करावी. आपल्याच मागील काही वर्षांच्या नोंदींतून असे विद्यार्थी निवडावेत: मध्येच महाविद्यालय बदललेला, लग्नानंतर नाव बदललेली, एका विषयात गैरहजर आणि दुसऱ्यात ग्रेस मिळालेला, लेखनिक घेतलेला, पुनर्मूल्यांकनात गुण वाढून श्रेणी बदललेला. प्रत्येकाचा निकाल हाताने काढून त्यावर नियंत्रकांची सही घ्यावी. प्रात्यक्षिकाच्या दिवशी कंपनीचा नमुना विद्यार्थी बाजूला ठेवून ही वही त्यांच्यापुढे ठेवावी. ज्या प्रणालीतून तेच निकाल निघतील तिच्याशीच पुढे बोलावे.

दुसरी गोष्ट गतीची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याच्या कलम ८९ मध्ये परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावण्याची अपेक्षा आहे. या मुदतीच्या धाकाने अनेकदा घाईघाईने सर्व शाखांत एकदम नवी पद्धत आणली जाते. मुंबई विद्यापीठात २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सर्व शाखांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. स्कॅनिंग आणि प्राध्यापकांची तयारी पूर्ण होण्याआधीच परीक्षा होऊन गेल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, परदेशी प्रवेश घेतलेली मुले अडकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. पडद्यावर तपासणी ही पद्धत वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. तिच्यात बेरजेच्या चुका राहत नाहीत, न तपासलेले पान प्रणाली दाखवून देते आणि छायाप्रत देणे सोपे होते. परंतु एवढी मोठी उडी एका हंगामात, तीही सर्व शाखांत, मारण्यासारखी नव्हती. आपण पहिल्या सत्रात एकच लहान विद्याशाखा घ्यावी आणि उरलेल्यांचे काम हाताच्या पद्धतीने करावे. प्राचार्यांवर दबाव येईल, तरीही आग्रह सोडू नये.

गुणनोंदीबद्दल माझे मत जुन्या वळणाचे आहे. कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासण्याच्या केंद्रावर, परीक्षकाने गुणतक्ता हाताने भरून सही करावी, तो दोन वेगळ्या व्यक्तींनी स्वतंत्रपणे संगणकात भरावा आणि दोन्ही नोंदींत फरक आला तर प्रणालीने ती ओळ अडवून धरावी. मूळ कागद हाती असल्याशिवाय भविष्यात वाद झाला तर आपण कशावर बोट ठेवणार?

पार्क चौक

मी मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात शैक्षणिक संस्थांसाठी प्रणाली बनवण्याचे काम करतो. ‘जुना लेजर’ सरांच्या अडचणीच्या वहीशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या व्यवसायातील चांगली माणसेही गिऱ्हाइकाकडून हेच मागत असतात आणि ते बहुधा मिळत नाही. गुणनोंदीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. कागदावरून संगणकात उतरवणे ही प्रत्येक पायरी चुकीला आणि गैरप्रकाराला जागा देते. परीक्षकाने मास्क केलेल्या क्रमांकासमोर गुण स्वतः भरावेत, प्रणालीने लगेच गुणतक्ता छापावा, परीक्षकाने तो उत्तरपत्रिकांशी ताडून सही करावी आणि मग नोंद बंद व्हावी. सरांना हवा असलेला सहीचा कागद यातही मिळतो, पण मधला उतारा जातो.

आता ताबा कोणाचा, या प्रश्नाकडे येतो. अधीक्षक ताई, करारात पुढील गोष्टी स्पष्ट शब्दांत नसतील तर सही करू देऊ नका. सगळी माहिती महाविद्यालयाच्या मालकीची आहे. महाविद्यालय मागेल तेव्हा ती कोणत्याही दुसऱ्या प्रणालीला वाचता येईल अशा साध्या तक्त्यांच्या स्वरूपात, फोटो आणि स्कॅनसह, वेगळे पैसे न घेता मिळाली पाहिजे. आणि करार संपल्यावर हस्तांतर कसे होईल हे आजच लिहिलेले असले पाहिजे. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक टिकते ते अनेकदा प्रणाली आवडते म्हणून नव्हे, तर दहा वर्षांचे गुण त्या प्रणालीत अडकले आहेत म्हणून. तशी अवस्था आपल्यावर येऊ देऊ नये. पहिल्या वर्षाअखेरीस एकदा खरोखर सर्व माहिती बाहेर काढून दाखवायला सांगा. करारातले कलम चालते की नाही ते तेव्हाच कळेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुण बदलण्याची नोंद. प्रत्येक बदलाची जुनी किंमत, नवी किंमत, कोणी केला, कधी केला, कोणत्या आदेशाने केला ही नोंद प्रणालीने ठेवली पाहिजे आणि ती पुसण्याचा अधिकार कोणालाही असता कामा नये, कंपनीच्या तंत्रज्ञालाही नाही आणि परीक्षा नियंत्रकांनाही नाही. युगांडातील मेकेरेरे विद्यापीठात २०१७ मध्ये संगणकात साठवलेले गुण बेकायदा बदलल्याचे उघड झाले आणि कर्मचाऱ्यांना निलंबित करावे लागले. ते पूर्व आफ्रिकेतील अत्यंत मान्यवर विद्यापीठ आहे, त्यांच्याकडे प्रणाली होती, सर्व्हर होते. कागदावरच्या लेजरमध्ये खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकात नोंद ठेवायला सांगितली नाही, तर खाडाखोड दिसतच नाही. त्याच विद्यापीठाच्या मुख्य प्रशासकीय इमारतीला सप्टेंबर २०२० मध्ये मोठी आग लागली. आपल्याकडे सर्व्हर, त्याचा बॅकअप आणि मूळ लेजर हे तिन्ही एकाच कार्यालयाच्या एकाच खोलीत असल्याचे मी कितीदा पाहिले आहे. दर रात्रीचा बॅकअप शहराबाहेर गेला पाहिजे आणि सहा महिन्यांतून एकदा तो परत चालवून पाहिला पाहिजे.

नावांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण प्रश्नातील तो भाग मला फार महत्त्वाचा वाटला. बाहेर बनलेल्या बहुतेक प्रणालींत पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी येते, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव स्वतंत्र असते. आधारवर मात्र क्रम बहुधा वेगळा असतो. म्हणून नाव तोडून न ठेवता दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसे एका रकान्यात ठेवावे, आधारवर जसे आहे तसे दुसऱ्यात, आणि मराठीतील नाव तिसऱ्यात. मराठी नाव युनिकोडमध्येच घ्यावे. जुन्या फाँटमध्ये टंकलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की निरर्थक अक्षरांची माळ होते, आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही. इंग्रजीवरून मराठी नाव आपोआप बनवण्याची सोय दाखवली जाते. तिच्यावर अवलंबून राहू नये, विद्यार्थिनीने स्वतः पाहून पक्के केलेले नावच अंतिम मानावे. आणि ओळख नावावर ठेवूच नये. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, हाच मुख्य क्रमांक धरून प्रवेश, फी, ग्रंथालय आणि परीक्षा या चारही ठिकाणी तोच वापरावा. श्रेयांक पेढीचा (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन खात्याचा) १२ अंकी क्रमांक त्याला जोडून ठेवावा, कारण श्रेयांक शेवटी तेथेच जमा करायचे आहेत आणि पदवी व गुणपत्रके डिजिलॉकरमधील राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात जातात.

एकच मोठी प्रणाली घ्यावी असा समितीचा कल आहे, त्याला मी सरसकट विरोध करणार नाही. पण ग्रंथालयाचे जे चालले आहे ते बदलण्याची घाई करू नका. कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली किंवा इन्फ्लिबनेट या केंद्राची सोल ही ग्रंथालय प्रणाली वापरत असाल तर ती तशीच राहू द्या आणि फक्त पीआरएन जुळवा. दिल्ली विद्यापीठाने शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्पात उभी केलेली ‘समर्थ’ ही प्रणालीही पाहून घ्या. तेथेही अडचणीची वही तितकीच लागेल.

करमाळेकर

मी सोलापुरात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. विद्यार्थ्यांच्या बाजूने दोनच गोष्टी लिहिते.

आमच्या तालुक्यातून सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे, त्यामुळे ऑनलाइन अर्ज ही आमच्यासाठी खरोखर मोठी सोय आहे आणि ती काढून घेऊ नये. परंतु अनेक मुलामुलींचा अर्ज नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरला जातो. तेथला माणूस वेळ वाचवण्यासाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचा ईमेल टाकतो, पासवर्डही तोच ठरवतो. पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. हॉल तिकीट काढायचे असो वा विषय बदलायचा असो, मुलीला पुन्हा त्याच दुकानात जावे लागते, प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागतात, आणि तिची सगळी माहिती एका अनोळखी माणसाच्या फोनवर असते. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थी कार्यालयात प्रत्यक्ष येतोच. त्याच वेळी त्याच्या हातातल्या फोनवर ओटीपी पाठवून क्रमांक पक्का करून घ्यावा. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांना आई किंवा वडिलांचा क्रमांक देता यावा आणि एका क्रमांकावर दोन भावंडे चालावीत.

दुसरे असे की, फी भरताना खात्यातून पैसे जातात, पण अर्ज ‘अपूर्ण’ दिसत राहतो. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी हे हमखास होते. पैसे बँकेत पोहोचले असतील तर विलंब शुल्क लागणार नाही असा लेखी नियम असावा आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचे पद व टेबल पडद्यावर दिसावे. ‘हेल्पडेस्कशी संपर्क साधा’ एवढ्याने आमचे काम होत नाही.

सात रस्ता

मी लोकप्रशासन शिकवतो. आपण इतर देशांच्या अनुभवाबद्दल विचारले आहे, म्हणून त्या अंगाने लिहितो.

मँचेस्टर विद्यापीठातील रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये विकसनशील देशांतील ई-शासन प्रकल्पांचा अंदाज मांडला होता. त्यांच्या मते सुमारे ३५ टक्के प्रकल्प पूर्णपणे फसले, ५० टक्के अंशतः फसले आणि केवळ १५ टक्के यशस्वी झाले. हा अंदाज आहे आणि त्याला आता बराच काळ लोटला आहे, परंतु त्यामागची त्यांची मांडणी मला आजही उपयोगी वाटते. प्रणाली बनवणाऱ्याच्या मनात कार्यालयाचे एक चित्र असते आणि प्रत्यक्ष कार्यालय वेगळे असते. या दोहोंतले अंतर जितके जास्त तितका प्रकल्प फसण्याचा धोका जास्त. हे अंतर ते सात बाबींत मोजायला सांगतात: माहिती, तंत्रज्ञान, कामाची पद्धत, उद्दिष्टे व मूल्ये, मनुष्यबळ व कौशल्ये, व्यवस्थापनाची रचना, आणि वेळ व पैसा. आपल्याकडील निविदा समित्या यांतील तंत्रज्ञान आणि पैसा एवढ्याच दोन बाबींवर सगळा वेळ घालवतात.

मला सर्वांत जास्त चिंता मनुष्यबळाची वाटते, आणि वरच्या उत्तरांत तिचा पुरेसा उल्लेख आलेला नाही. ज्या देशांत विद्यापीठांची प्रणाली देणगीच्या किंवा प्रकल्पाच्या पैशांतून येते, तेथे प्रकल्पाची मुदत संपली की प्रशिक्षित माणसे निघून जातात आणि यंत्रे उरतात. आपल्याकडे देणगीदार नसला तरी परिणाम तोच होतो, कारण कायम पदे रिकामी असतात आणि प्रणाली खऱ्या अर्थाने समजते ती एखाद्या अकरा महिन्यांच्या करारावरच्या मुलाला. सगळे पासवर्ड त्याला माहीत असतात. प्राचार्यांचे लॉगिन तोच वापरतो, कारण प्राचार्यांना वेळ नसतो. आणि एक दिवस त्याला पुण्यात चांगली नोकरी मिळते. यात त्याचा काहीच दोष नाही. त्याला कमी पगारात एवढी जबाबदारी देणारी व्यवस्था चुकीची आहे. म्हणून महाविद्यालयाने दोन कायम लिपिकांपैकी किमान एकाला संपूर्ण प्रणाली शिकवावी, त्या काळात त्याच्याकडचे दुसरे काम काढून घ्यावे, आणि मंजुरीचे लॉगिन ज्याचे आहे त्यानेच वापरावे असा लेखी आदेश प्राचार्यांनी स्वतःसाठीही काढावा.

‘जुना लेजर’ सरांच्या एका मुद्द्यात भर घालतो. नियम आधी लिहावेत हे खरेच, पण लिहिताना त्यातले काही नियम काढूनही टाकावेत. बोनाफाईड दाखल्यासाठी अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची शिफारस, मग ग्रंथालयाचे ना-हरकत, मग लेखा विभागाचा शेरा, मग आवक क्रमांक, अशी साखळी असेल आणि तीच साखळी पडद्यावर आणली, तर विद्यार्थ्याचे हेलपाटे कमी होतील पण दिवस तेवढेच लागतील. बोनाफाईडला ग्रंथालयाचे ना-हरकत कशासाठी हवे? ते महाविद्यालय सोडताना हवे. स्वायत्ततेमुळे आपल्याला असे प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला आहे.

होटगी रोड

सर्वांचे मनापासून आभार. अडचणीच्या विद्यार्थ्यांची वही करण्याचे काम परीक्षा नियंत्रकांनी मान्य केले असून, लग्नानंतर नाव बदललेल्या एका माजी विद्यार्थिनीच्या नोंदीपासून आम्ही सुरुवात केली आहे. प्रवेशाच्या टेबलावरच फोनवर ओटीपी पाठवून क्रमांक पक्का करण्याची सूचना प्राचार्यांना लगेच पटली; त्यासाठी नवी प्रणालीही लागत नाही. बोनाफाईडच्या साखळीविषयी सात रस्ता सरांनी लिहिलेले वाचून आमच्या लेखापालांनी स्वतःहून आपला शेरा काढून टाकायला संमती दिली.

गुणनोंदीबाबत दोन मते आली आहेत. आमच्या कॅपच्या दालनात एका वेळी परीक्षकांच्या निम्म्यांनाही पुरतील इतके संगणक नाहीत आणि उन्हाळी परीक्षेच्या काळात दुपारी वीज जाते. अशा वेळी परीक्षकांनी थेट नोंद करावी की कागदावर करून नंतर भरावी? आणि नोंद बंद झाल्यानंतर खरी चूक सापडली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे असावा, याचे कृपया मार्गदर्शन करावे.

जुना लेजर

आपल्या परिस्थितीत दोन्ही पद्धतींचा मेळ घालता येईल. पार्क चौक यांचा मुद्दा मला पटतो; मधला उतारा जितका कमी तितके चांगले. म्हणून ज्या विषयांच्या उत्तरपत्रिका कमी आहेत त्यांची थेट नोंद सकाळच्या सत्रात, वीज असताना, परीक्षकांकडूनच करून घ्यावी. ज्या विषयांना मोठी संख्या आहे त्यांचे गुणतक्ते कागदावर घ्यावेत आणि दोघांनी स्वतंत्रपणे भरावेत. मात्र त्याच दिवशी भरावेत, उद्यावर ठेवू नयेत, आणि परीक्षकाने छापील तक्ता पाहून सही केल्याशिवाय त्याचे मानधनाचे देयक पुढे जाऊ देऊ नये.

दुरुस्तीसाठी तीन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. जो चूक दाखवतो त्याने लेखी टिपणी द्यावी, सोबत उत्तरपत्रिकेच्या त्या पानाची आणि बेरजेच्या पानाची प्रत जोडावी. परीक्षा नियंत्रकांनी ती टिपणी प्रणालीतच मंजूर करावी. प्रत्यक्ष बदल तिसऱ्या व्यक्तीने, म्हणजे आपल्या कायम लिपिकाने करावा आणि बदलासमोर टिपणीचा क्रमांक टाकल्याशिवाय प्रणालीने तो स्वीकारू नये. महिन्याअखेरीस सर्व बदलांची यादी छापून परीक्षा मंडळाच्या बैठकीत ठेवावी आणि इतिवृत्तात तिची नोंद घ्यावी. उत्तरपत्रिका किंवा त्यांची स्कॅन केलेली प्रत किती काळ जपायची तेही मंडळाच्या ठरावाने ठरवा, कारण २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर माहिती अधिकारात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, आणि ती मागायला तो आला त्या दिवशी आपल्याकडे ती असायला हवी.